भित्तिपत्रक मंडळाचे त्रेचाळीस सभासद

नव्या मुलांच्या स्वागताचा आठवडा संपला की पुढचे पंधरा दिवस माझे पाय माझे राहत नाहीत. विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण कक्षात मला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं मी त्याच मैदानात तीच टेबलं मांडते. एका टेबलावर नाट्य मंडळ, शेजारी वादविवाद, पलीकडे गिर्यारोहण, मग छायाचित्रण, गाणं, बुद्धिबळ. टेबलांमागे जुनी मुलं घसा फाटेस्तोवर ओरडतात आणि नवी मुलं मैदानाच्या कडेकडेनं, जणू काही आपण चुकून इथून चाललोय अशा थाटात फिरतात. त्या कडेच्या मुलांना मधे ढकलायचं, हे माझं काम. "अगं जा ना, विचार तरी, खात नाहीत ती," हे वाक्य मी आता झोपेतही म्हणत असेन.

ढकलून ढकलून काही मुलं उरतातच. दर वर्षी चाळीस-पन्नास. कुठल्याच टेबलावर नाव देत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, फुकटची टोपी घेतात आणि खोलीवर जाऊन बसतात. पूर्वी मी अहवालात तसंच लिहायची. सात वर्षांपूर्वी आमच्या संचालकांनी तो अहवाल बोटानं माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "हे चौऱ्याण्णव टक्के का? शंभर का नाही?" मी म्हटलं, सर, माणसं आहेत. ते म्हणाले, "शेजारच्या विद्यापीठात शंभर आहेत." शेजारच्या विद्यापीठात माणसं नाहीत का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

तेव्हा आमच्याकडे एक भित्तिपत्रक मंडळ होतं. होतं म्हणजे कागदावर. मुलांनी हातानं लिहून भिंतीवर अंक लावायचा, असलं जुन्या काळचं मंडळ. त्याचा शेवटचा चिटणीस पदवी घेऊन गेला आणि मंडळ बंद करायचा अर्ज करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. उरलेल्या मुलांची नावं मी त्या यादीत घातली. शंभर टक्के. संचालकांना कुठल्याशा परिषदेत टाळ्या पडल्या म्हणे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. पहिल्या वर्षी मनाला लागलं होतं, नंतर सवय झाली.

यंदा घोळ झाला तो आमच्या नव्या संगणकवालीमुळे. पोरगी गुणी आहे, आणि गुणी माणसांची हीच खोड, की ती न सांगता कामं करतात. तिनं सगळ्या मंडळांच्या सगळ्या सभासदांना आपापल्या मंडळाच्या नावाचं छानसं पत्र पाठवून दिलं. माझ्या यादीतल्या मुलांनाही: 'अभिनंदन! आपली भित्तिपत्रक मंडळात निवड झाली आहे. सभा दर बुधवारी चार वाजता, खोली क्रमांक सोळा.' वार आणि खोली तिला जुन्या नोंदीत सापडली होती. मला दोन दिवसांनी कळलं. मी कपाळाला हात लावला, आणि मग म्हटलं, जाऊ दे, कोण जातंय! असल्या मुलांना पत्र पाठवलं काय न पाठवलं काय.

याच सुमाराला एक मुलगी माझ्याकडे प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन आली होती. पहिलं वर्ष, वसतिगृहात राहणारी, केस घट्ट बांधलेले, आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं. अर्जावर आईची सही होतीच. त्यावर आमच्या कक्षाचा शेरा लागतो: 'विद्यार्थ्यास सामावून घेण्यासाठी केलेले प्रयत्न'. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, घाई करू नकोस, आठवडाभर थांब. आठवड्यानं ती आली आणि म्हणाली, "मॅडम, तो अर्ज तूर्त ठेवून द्या." मला बरं वाटलं. का थांबली, हे मी विचारलं नाही. अर्ज कागदांच्या ढिगाखाली गेला.

सहा आठवड्यांनी, एका सोमवारी तिच्या आईचा फोन आला.

"तुम्ही त्या मंडळाच्या बाई ना? मी माऊची आई. म्हणजे घरी आम्ही माऊ म्हणतो. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही बघा. पोर सुटकेस भरून बसली होती. आता रोज फोनवर मंडळाच्याच गप्पा. तो उंच मुलगा असं म्हणाला, ती जाड चष्म्याची तसं म्हणाली, तो तक्रारखोर तर सारखा कुरकुर करतो. आठ जण आहेत ना?"

मी हूं म्हटलं. हूं म्हणायला एकोणीस वर्षांच्या नोकरीत शिकले आहे.

"मी बुधवारी येतेय. स्वतःच्या डोळ्यांनी बघीन म्हणते. खरं सांगू का, मला अजून धाकधूक आहे. पोर लहानपणापासून एकलकोंडी. प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख शुक्रवार आहे ना? सगळं ठीक दिसलं तर मी एकटी परत जाईन. नाहीतर तिला घेऊनच जाते. तिथं एकटी कुढत बसण्यापेक्षा माझ्यासमोर बसलेली बरी."

फोन ठेवला आणि तशीच बाहेर आले. आमच्या शिपाईमामांना विचारलं, खोली सोळा कुणी उघडतं का हो?

"म्हणजे काय? ती बारीक मुलगी किल्ली नेते की दर बुधवारी. आता तर इतर दिवशीही नेते. मला वाटलं तुम्हीच सांगितलंय," मामा म्हणाले. "आत्ताही वरच आहे."

खोली सोळा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि माझे गुडघे पहिल्या मजल्यापर्यंतच साथ देतात. धापा टाकत वर पोचले, दार ढकललं आणि थबकले. समोरची भिंत कागदांनी भरलेली होती. ग्रंथालयातल्या बंद घड्याळावर एक लेख. खानावळीतल्या रांगेत पुढं घुसणाऱ्यांचे प्रकार. वसतिगृहाच्या लिफ्टबद्दल एक लांबलचक तक्रार. एक कविता, वाईट. एक कोडं. प्रत्येक कागदाचं अक्षर वेगळं: एक तिरकं, एक गोलगोल, एक कोंबडीच्या पायांचं. मला मिनिटभर खरंच वाटलं, की देवा, मंडळ चालू झालंय!

ती खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. मला बघून उभी राहिली.

"किती जण येता गं तुम्ही?"

"आठ," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं खाली बघितलं. "मी एकटीच. सगळं मीच लिहिलंय. डाव्या हातानं लिहिलं की वेगळं येतं."

मी बाकावर बसले. बसले म्हणजे कोसळलेच.

"पहिल्या बुधवारी पाच जण आले होते," ती सांगू लागली. "अर्धा तास बसलो. मंडळाचं कुणी येईल आणि सांगेल, म्हणून सगळे वाट बघत होते. कुणी काही बोललंच नाही. मीही नाही. पुढच्या बुधवारी दोघं होती. मग कुणीच नाही."

"मग तू का येत राहिलीस?"

"पत्रात होतं ना, निवड झाली म्हणून." तिनं अगदी साधेपणानं सांगितलं. "मला कधी कुणी कशात निवडलं नव्हतं. खेळातसुद्धा मी शेवटी उरायची. म्हटलं, इथं कुणीतरी माझं नाव वाचून ठरवलंय, तर आपण न जाणं बरं नाही."

त्या वेळी मी काहीही सांगू शकले असते. दोन शिक्षकांनी निवडलं, चिठ्ठी टाकून निवडलं, तुझं अक्षर बघून निवडलं. असलं रचून सांगायला माझी जीभ तयार आहे. पण मी दमले होते. खोटं बोलायलाही अंगात थोडं बळ लागतं, ते त्या तीन जिन्यांनी संपवलं होतं.

"कुणी निवडलं नाही तुला," मी म्हटलं. "तू कुठल्याच मंडळात नाव दिलं नाहीस. अशा मुलांची नावं मी या यादीत घालते. आकडा पुरा व्हावा म्हणून. हे मंडळ नाहीच. सात वर्षं नाही."

हातातल्या पेनाचं टोपण तिनं लावलं, काढलं, परत लावलं.

"म्हणजे ही उरलेल्यांची यादी आहे."

"हो."

"मग तो अर्ज काढा मॅडम. शेरा लिहून टाका. आईला मी सांगते सगळं."

एवढं बोलून ती भिंतीवरचा एक कागद उतरवू लागली. मला तिची दया आली असं म्हणणं सोपं आहे. पण खरं म्हणजे मला माझी लाज वाटली, आणि माझ्या वयात लाज वाटली की राग येतो. मी जवळजवळ खेकसलेच, "ते राहू दे तिथं! बुधवारपर्यंत हात लावायचा नाही."

"कशाला? बुधवारी काय होणार आहे?"

मला तरी कुठं माहीत होतं? "यादीत अजून बेचाळीस जण आहेत," मी म्हटलं, आणि जिना उतरायला लागले.

मंगळवारी सकाळी दहाला मी फोन हातात घेतला, तो संध्याकाळी पाचला खाली ठेवला. बेचाळीस जणांना तेच सांगायचं: मी कल्याण कक्षातून बोलतेय, तुझं नाव मी तुला न विचारता एका मंडळात घातलं, ती माझी चूक, पण उद्या चार वाजता एकदा ये. पहिल्या पाच फोनना आवाज कापत होता. विसाव्यापर्यंत तो बसस्थानकावरच्या घोषणेसारखा झाला. अकरा जणांनी उचललाच नाही. एक म्हणाला, मला काही विकत घ्यायचं नाही. एकीनं मला शांतपणे, एकही शब्द न चुकता झापलं, आणि ते मी निमूट ऐकून घेतलं. एका मुलाच्या वडिलांनी फोन घेतला. "तो महिनाभरापूर्वीच घरी परत आला. तुम्हाला कळवलं नव्हतं का कुणी?" कळवलं असेल. माझ्या शंभर टक्क्यांत तो अजून होता. त्यानंतर मी थोडा वेळ फोन लावू शकले नाही. मामांनी न मागता चहा आणून ठेवला.

दुपारी संचालक डोकावले. "काय चाललंय एवढं?"

"पाठपुरावा, सर."

"वा," म्हणाले आणि गेले.

बुधवारी चार वाजता खोलीत नऊ जण होते. मला दोघंतिघं येतील असं वाटलं होतं, म्हणून नऊ म्हणजे जत्राच. पण जत्रा कसली! प्रत्येक जण दुसऱ्यापासून दोन बाकं सोडून बसलेला, नजर फोनमध्ये. माऊ भिंतीला पाठ लावून उभी होती, शिक्षा झाल्यासारखी. मी घसा साफ केला, आपापली ओळख करून द्या म्हटलं. नऊ जणांनी नऊ वेळा काहीतरी पुटपुटलं. मग पुन्हा शांतता. एकोणीस वर्षांत मी हजारो मुलांची ओळख करून दिली असेल, आणि त्या क्षणी मला पुढचं एक वाक्य सुचेना.

सव्वाचारला तिची आई आली. शिवणकाम करणारी बाई, हे तिच्या पदराला चिकटलेल्या दोऱ्यांवरूनच कळत होतं. खांद्याला एक भलीमोठी पिशवी आणि हातात पत्र्याचा डबा. दारातूनच तिनं लेकीला डोळे भरून बघून घेतलं, मग खोलीवरून नजर फिरवली. शिंपिणीची नजर ती. टेप न लावता माप घेते.

"तो उंच मुलगा कुठला गं?" तिनं हसत विचारलं.

"आज आला नाही," माऊ म्हणाली.

"आणि जाड चष्म्याची?"

"तीपण नाही."

आईनं डबा उघडला. घरी भाजलेली बिस्किटं होती. तो घेऊन ती बाकाबाकाशी गेली. "घे रे. तुझं नाव काय? कुठली खोली? जेवतोस का नीट?" असं करत प्रत्येकाला दोन-दोन. कोपऱ्यात एक मुलगी सर्दीनं लाल झालेलं नाक पुसत बसली होती, तिला तीन. मी बघत होते, आई नाव विचारायची आणि माऊ कान टवकारून ते ऐकायची. ते मी एकटीच बघत नव्हते.

डबा रिकामा झाला तशी आई माझ्याजवळ आली. "बाई, जरा बाहेर येता?"

व्हरांड्यात तिनं दार अर्धवट ओढून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा. ही पोरं आज पहिल्यांदाच भेटतायत ना एकमेकांना?"

"हो," मी म्हटलं.

"आणि ते आठ जण?"

"कुणी नाही. ती एकटीच यायची. चूक माझी आहे. मी तिचं नाव..." आणि मी तिला सगळं सांगितलं, टक्क्यांसकट.

ती रागावेल, आरडाओरडा करेल, असं मला वाटलं होतं. तो मी ऐकून घेतला असता. पण ती भिंतीला टेकली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. "सहा आठवडे," ती म्हणाली. "रोज सांगायची हो. तो असा हसला, ती अशी रुसली. मी शिवता शिवता हसायची. आणि माझी पोर इथं एकटी बसून माणसं बनवत होती, मला बरं वाटावं म्हणून."

मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिले.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. खांद्यावरची पिशवी सारखी केली. "ही रिकामीच आणलीय," ती म्हणाली. "तिचं सामान भरायला. मला मनातून माहीत होतं बहुतेक. तुमच्याकडे अर्ज आहे ना? करा त्यावर सही. आजच नेते तिला."

"करते," मी म्हटलं. "तिला एकदा विचारा फक्त."

"तिला काय विचारायचं? ती माझ्यासाठी राहील म्हणेल. आणि पुन्हा आठ माणसं बनवेल."

आई दाराकडे वळली आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

"हे फार रटाळ लिहिलंय कुणीतरी." गळ्यात हेडफोन अडकवलेला एक मुलगा भिंतीसमोर उभा होता. मघापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. "लिफ्टवर दोन पानं? लिफ्ट बंद आहे, संपलं."

"बंद नाहीये ती," माऊ म्हणाली. "मधेच थांबते. वाच तरी नीट."

"वाचलं. म्हणून तर म्हणतोय, रटाळ आहे."

"मग तू लिहून दाखव!"

"दाखवीन की."

"दाखवीन काय, दाखव! हा घे कागद. नुसतं बिस्किट खाऊन तोंड चालवायला काय जातंय?"

सर्दीवाली फिस्सकन हसली. पाठीमागचं कुणीतरी म्हणालं, की लिफ्टबद्दल तो म्हणतोय ते बरोबर आहे, पण कविता त्याहून वाईट आहे. त्यावर माऊ गर्रकन त्याच्याकडे वळली. आवाज चांगला खणखणीत. मला पुढं वाकावं लागलं नाही.

आईचा हात दारावरच राहिला. ती फटीतून बघत होती. बराच वेळ बघत होती.

"भांडतेय," ती म्हणाली.

"मुलं आहेत. होतं असं," मी घाईनं म्हटलं. "मी आत जाऊन थांबवते."

"नको! थांबवू नका." तिनं माझा दंड धरला. "शेजारणीशी ही कधी भांडली नाही. वर्गातल्या मुलींशी नाही. कुणी पायावर पाय दिला तरी हीच सॉरी म्हणणार. आजवर भांडली ती फक्त माझ्याशी. माझ्याएवढं जवळचं तिला दुसरं कुणी नव्हतंच ना."

आत कुणीतरी बाक ओढला. दोन बाकं एकमेकांजवळ आली असावीत.

"पाचची बस मिळेल का मला?" आईनं विचारलं.

"तिला भेटून जा की."

"नको. मला बघितलं की ती गप्प होईल." तिनं रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली. "तिला सांगू नका मी काय विचारलं ते. बस चुकेल म्हणून गेली म्हणा." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "दोघींचंच घर आहे हो आमचं. सहा आठवडे मी रोज मनात म्हणायची, इथं हिचं रमू दे. आणि रोज वाटायचं, नाही रमलं तर परत येईल."

ती गेली. जिन्यावर तिच्या चपला बराच वेळ ऐकू येत होत्या.

हे नऊ पुढच्या बुधवारी येतील की नाही, मला माहीत नव्हतं. तिघं आले तरी खूप, असा माझा अनुभव. शुक्रवारच्या अहवालात यंदा संचालकांना खरा आकडा द्यायचं मी ठरवलं होतं आणि त्यावर काय ऐकून घ्यावं लागेल, तेही समोर दिसत होतं. मी आत गेले. माऊ बाकावर गुडघे टेकून त्या हेडफोनवाल्याच्या कागदावर वाकली होती आणि त्याच्या पहिल्याच ओळीत काय चुकलंय ते त्याला सुनावत होती.

"अगं, आई गेली तुझी," मी म्हटलं. "बस चुकली असती."

"बरं," ती म्हणाली, मान वर न करता.